नशिबाचं बी आणि बेलपारचा जावई

वडशात मी जेव्हा 'वेबसाइट बनवून मिळेल' असा बोर्ड लावला, तेव्हा पहिले सहा महिने लोक आत येऊन एकच विचारायचे, "बाई, झेरॉक्स कितीले?" त्यांचं काही चुकत नव्हतं. रेल्वे फाटकाजवळ तांदळाच्या ठोक दुकानांच्या ओळीत एक काचेचं दार, आत एक कम्प्युटर, त्यावर धुळीसाठी घातलेलं फुलाफुलांचं कव्हर आणि समोर डोक्यावर ओढणी घेतलेली मी. यातून वेबसाइट निघते हे कोणाच्या बापाला कळणार?

त्याच दुकानात मागे अब्बा नाटकमंडळ्यांचे कपडे शिवायचे. वडसा म्हणजे आमच्या झाडीपट्टीच्या, पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याच्या, नाटकांचं माहेरच. थंडी पडली, धान कापून झालं की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती होतात, आणि त्या दिवशी गावात नाटक पाहिजे म्हणजे पाहिजेच. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, सोयरिकी जुळतात. नाटक नसलेली मंडई म्हणजे मटण नसलेला रस्सा, असं अब्बा म्हणायचे. त्यामुळे राजाचे अंगरखे आणि खलनायकाचे कोट शिवणाऱ्या घरातली पोरगी नागपूरहून कोर्स करून आली आणि कम्प्युटर घेऊन बसली, तेव्हा पहिलं गिऱ्हाईकही नाटकवालंच मिळालं.

ते नामदेवभाऊ. एका मोठ्या मंडळाचे मालक. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण भाऊ अजून वडशात हिंडतात आणि माझं घर त्यांना पक्कं माहीत आहे. त्यांना वेबसाइट पाहिजे होती. कशासाठी, असं मी विचारलं. तर म्हणाले, "बाकी कोनापाशी नाई म्हून."

बोला! पण खरं सांगते, आयुष्यात पुढे मोठ्या मोठ्या साहेबांनी मला जी कारणं दिली, ती सगळी सोलून काढली तर आत हेच निघायचं.

मी जी भाषा वापरायचे तिचं नाव पीएचपी. वेबसाइटच्या पडद्यामागे बसून हिशेब करणारी भाषा. तिच्यात गणिताची काही तयार हत्यारं असतात, त्यांना फंक्शन म्हणतात. तुम्ही फक्त नाव घ्यायचं, कंसात आकडा द्यायचा, उत्तर हजर. घरात पाटा-वरवंटा असतो तसं. तो कसा घडवला हे आपण विचारत नाही, आपण चटणी वाटतो. पण मिरची वाटायची की हळद, हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि सगळी गंमत तिथेच होते.

भाऊंना एक पान असं पाहिजे होतं की गावाचं नाव टाकलं की अंतर कळावं. मी रस्त्यावरच्या गावांचे किलोमीटर भरले आणि एकातून दुसरं वजा करायला लावलं. पहिल्याच दिवशी भाऊंनी दोन गावं उलट्या क्रमानं टाकली. पडद्यावर आलं, उणे बारा.

"उणे बारा किलोमीटर?" भाऊ माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजे गाडी काय रिव्हर्समंदी न्यायची का?"

यावर ॲब्स नावाचं फंक्शन असतं. ते आकड्याच्या पुढची उण्याची काडी पुसून टाकतं, बस्स. मी ते लावलं. भाऊ म्हणाले, असं फंक्शन माणसांसाठी निघालं पाहिजे, आमच्या भाच्याले लावून पाह्यतो.

मग जीपांचं पान. मंडळात एकोणतीस माणसं, एका जीपमध्ये नऊ. भागाकार तीन पूर्णांक काहीतरी. आता इथे तीन हत्यारं आहेत. राउंड जवळच्या पूर्ण आकड्यावर जातं, म्हणजे तीन. फ्लोअर नेहमी खाली उतरतं, म्हणजेही तीन. सील नेहमी वर चढतं, म्हणजे चार. मी मोठ्या थाटात भाऊंना समजावलं की इथे सीलच पाहिजे, नाहीतर दोन माणसं वडशात राहतील, आणि ती पेटीमास्तर आणि तबलजी निघाली तर तिकडे गाणी कोण वाजवणार?

मंडळाचा ड्रायव्हर बशीर मागे बिडी विझवत उभा होता. तो म्हणाला, "चार काऊन? दोनच पुरतात."

"अरे, नऊच बसतात ना एका गाडीत!"

"आपा, बसतात नऊ. बाकीचे लटकतात."

आता लटकणाऱ्यांसाठी पीएचपीत फंक्शन नाही. तेव्हाही नव्हतं, आता असलं तर मला ठाऊक नाही. मी ते पान काढून टाकलं. पुस्तकातलं गणित आणि झाडीतलं गणित यांची पहिली भेट अशी झाली, आणि त्यात झाडी जिंकली.

पण मला सांगायचंय ते रँड नावाच्या फंक्शनबद्दल. हे फंक्शन म्हणजे चिठ्ठी उचलणं. शून्य किंवा एक यांतलं काहीतरी दे म्हटलं की यंत्र मनाला येईल ते देतं.

झालं असं की त्या हंगामात चिचटोला आणि बेलपार या दोन गावांचा शंकरपट एकाच तारखेला आला, आणि दोघांनाही भाऊंचंच मंडळ पाहिजे होतं. ही दोन गावं शेजारीशेजारी, मध्ये एक नाला. काही वर्षांपूर्वी बेलपारच्या पटावर चिचटोल्याची बैलजोडी हरली की मुद्दाम हरवली यावरून जे वाजलं, तेव्हापासून चिचटोल्याचा माणूस बेलपारच्या पटाला पाय ठेवत नव्हता. नाटकालाही नाही. पाहुणा म्हणून नाही, सोयरा म्हणून नाही. आणि आमच्या भाऊंनी काय करावं? दोघांनाही हो म्हणून दोघांचेही तारीख ठरल्याचे नारळ घेतले होते.

"आता चिठ्ठ्या टाका," मी म्हटलं.

"मागं टाकल्या होत्या. एक म्हने चिठ्ठी दुमडली होती, दुसरा म्हने ओली होती. मारामारी व्हायची राह्यली." मग भाऊंनी माझ्या कम्प्युटरकडे बोट केलं. "याचे कोनी सोयरे नाईत ना वडशात? मंग यालेच उचलू दे."

कल्पना मला आवडली. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. दोन गावांचा तंटा सोडवणारी वेबसाइट!

फक्त एक अडचण होती, आणि ती समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. यंत्राला नशीब वगैरे काही कळत नाही. ते एका लांबलचक गणितातून आकडे काढत जातं, ते आपल्याला वेडेवाकडे दिसतात इतकंच. ते गणित सुरू करायला पहिला एक आकडा द्यावा लागतो. त्याला इंग्रजीत सीड म्हणतात, म्हणजे बी. आज पीएचपी ते आपलं आपण घालून घेते, पण तेव्हा माझ्याकडे जी होती तिच्यात आपल्या हातानं घालावं लागायचं. शहाणी माणसं तिथे घड्याळाचा क्षण देतात, तो सारखा बदलतो, म्हणून उत्तरही बदलतं. पण तुम्ही रोज एकच आकडा दिला तर उत्तरही रोज तेच. शेतात एकच बी दोनदा पेरलं तर पावसानुसार पीक बदलेल. इथे पाऊसच नाही. जे बी, तेच पीक, दाण्याला दाणा सारखा.

हे मी भाऊंना समजावलं आणि तीच माझी हुशारी नडली. बी म्हटल्याबरोबर भाऊ खुर्चीत सरसावले.

"बी घालायचं आहे तर एकवीस घाला, बाई. एकवीस माहा शुभ आकडा आहे."

"भाऊ, मग दरवेळी एकच गाव निघेल."

"निघू दे ना! आपल्याले कितीदा काढाचं आहे? एकदाच ना? शुभ आकड्यानं कधी वाईट झालं का?"

मालक ते, पैसे त्यांचे, मी एकवीस घातलं. पान चालवून पाहिलं. बेलपार. पुन्हा चालवलं. बेलपार. भाऊ खूष होऊन चहाला गेले, कारण यंत्र ठाम बोलत होतं.

आणि माझ्या पाठीमागून आवाज आला, "आपा, बावीस टाकून पाह्य ना."

कुंदा होती. भाऊंच्या मंडळाची नायिका. अब्बांकडे नऊवारीवरच्या चोळीचं माप द्यायला आली होती आणि कधी माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली कळलंच नाही. कुंदा चिचटोल्याची. तिचे वडील रघुनाथभाऊ चिचटोल्याच्या नाटक समितीचे अध्यक्ष. माणूस नाटकवेडा, गावात नाटक आणायचं म्हणजे तोच पुढे. पण पोरगी स्वतः नाटकात गेली त्या दिवशी त्याने सगळ्या गावादेखत सांगितलं की पोरगी मेली असं समजा. नाटक पाहिजे, नटी पाहिजे, पण ती दुसऱ्याच्या घरची पाहिजे! मला असल्या माणसांचा फार राग येतो, आजही येतो. तीन हंगाम झाले, बाप-लेकीचं बोलणं नव्हतं. आणि तीन हंगाम कुंदाचं काम चिचटोल्यात कधी झालंच नव्हतं.

मी बावीस टाकलं. बेलपार.

"तेवीस," कुंदा म्हणाली. बेलपार.

"चोवीस."

चिचटोला.

माझ्या खुर्चीची पाठ तिनं धरली होती, ती हलली एवढं मला कळलं. मग हळूच म्हणाली, "आपा, बाबा याच मंडळासाठी आले. बाजूच्या गल्लीत चार मंडळ्या मोकळ्या बसल्या आहेत. त्या नाई पायजे त्यांले. माह्याशी बोलाचं नाई, पन माहं काम पाह्याचं आहे. दुसऱ्या गावी तर ते येनार नाईत. बेलपारले तर मेले तरी नाई. चोवीस टाकून दे ना. कोनाले समजन?"

कोणालाच समजलं नसतं. भाऊंनासुद्धा नाही, त्यांना मी सांगितलं असतं की चोवीस उलटं वाचलं तर शुभ असतं, तर त्यांनी मान हलवली असती. मी म्हटलं, "बेटा, चहा घे." आणि पान पुन्हा एकवीसवर आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही गावं माझ्या दुकानात. एका बाजूच्या बाकावर बेलपारचे सरपंच, अंगात नवं जाकीट, जवळ पेढ्यांचा डबा आधीच आणलेला. दुसऱ्या बाजूला रघुनाथभाऊ, पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, चेहरा असा की लेकीचं नाव कधी ऐकलंच नाही. मागे अब्बांच्या कपाटाआड कुंदा. तिला तिथे कोणी बोलावलं नव्हतं, आणि जा म्हणायचीही कोणाची हिंमत नव्हती. रघुनाथभाऊंना ती दिसत होती की नाही देव जाणे, पण त्यांनी त्या कोपऱ्याकडे मान वळवली नाही.

वीज होती, तेवढी एक मेहेरबानी. त्या दिवसांत भारनियमनाला कोणाचं सोयरसुतक नसायचं.

नामदेवभाऊ दोन शब्द बोलायचे म्हणून बरेच बोलले. मग म्हणाले, "चालवा, बाई."

"थांबा जी," रघुनाथभाऊ म्हणाले. "पयले नुसतं चालवून दाखवा. खरं मंग काढू."

भाऊंनी मोठ्या मनानं मान डोलावली. मी चालवलं. बेलपार. सरपंच पेढ्याच्या डब्याची दोरी सोडायला लागले.

"अजून एकदा," रघुनाथभाऊ.

बेलपार.

"अजून एकदा."

बेलपार. रघुनाथभाऊ उठले, कम्प्युटरभोवती एक चक्कर मारली, मागच्या वायरी पाहिल्या आणि नामदेवभाऊंना म्हणाले, "तुमी तर म्हनत होते याचे कोनी सोयरे नाईत. हा तर बेलपारचा जावई दिसते!"

सरपंच भडकले. "जावई कोनाले म्हनता? यंत्र आहे ते, त्याले आमच्या गावचा रस्ताबी माहीत नाई!"

"रस्ता नाई माहीत, पन सासुरवाडी बरोबर माहीत आहे!"

पुढे काय काय बोलणं झालं ते दिवाळीच्या अंकात छापण्यासारखं नाही. नामदेवभाऊ माझ्याकडे असे बघत होते की यंत्राला मीच दारू पाजलीय. आणि मग माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला आणि सगळं सांगून टाकलं. बी म्हणजे काय, एकवीस कोणाचं, आणि एकवीसला उत्तर बेलपारच का येणार. आणि हेही सांगितलं की चोवीस घातलं तर चिचटोला येतं, मी काल पाहिलंय. चोवीस टाकून पाहायला कोणी सांगितलं, असं कोणीतरी विचारलं. त्यावर मी म्हटलं, माझं मीच पाहिलं. कपाटाकडे मी बघितलं नाही.

नामदेवभाऊ खाली बघायला लागले. रघुनाथभाऊ मात्र शांत झाले. धान पेरणारा माणूस, बी बदललं की पीक बदलतं हे त्याला कोण शिकवणार?

"मंग आमचं बी घाला," ते म्हणाले.

"आनि आमी काय नुसती माती घालाची?" सरपंच म्हणाले.

मी सांगितलं, दोघंही घाला. एकेकानं इथे बसायचं, मनातला आकडा टाकायचा, तेव्हा बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं, मीसुद्धा. दोन्ही आकड्यांची बेरीज हेच बी. मग निम्मं बी तुमचं, निम्मं तुमचं. भांडायचं तर आपल्या आपल्या आकड्याशी भांडा.

सरपंचांनी खटाखट चार-पाच बटणं दाबली, जणू रोजचंच काम. रघुनाथभाऊंना वेळ लागला. एक बोट वर करून ते बटणांवर आकडा शोधत होते, आणि आम्ही सगळे, दोन गावं, एक मालक आणि एक कम्प्युटरवाली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभे. कपाटाआडून कुंदाचा श्वास ऐकू येत होता. खरं सांगते, त्या वेळी मी अल्लाहकडे मागितलं की चिचटोला येऊ दे. माझ्या मनातला आकडा मी घातला नाही, पण दुआ मागायला कोणाची मनाई नव्हती.

मी बटण दाबलं.

बेलपार.

ओरडायची सोय उरली नव्हती. रघुनाथभाऊंनी जवळ जाऊन पडद्यावरचं नाव वाचलं. अर्धं बी त्यांचंच होतं. मग म्हणाले, "ठीक आहे," आणि दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला.

मला आजही कधी कधी वाटतं, मी त्या आदल्या दिवशी गप चोवीस टाकलं असतं तर? कोणाचं काय बिघडलं असतं? इमानदारी चांगली असते, पण तिचा भुर्दंड कोण्या भलत्याच पोरीनं का भरायचा? मला त्या वेळी रडू येत होतं आणि सरपंच माझ्या हातावर पेढा ठेवत होते.

नामदेवभाऊ रघुनाथभाऊंची समजूत काढायला लागले. "अहो, बाजूच्या गल्लीत चार मंडळ्या आहेत. मी सोता सांगतो त्याईले. तुमची तारीख खाली नाई जाऊ देत."

"नाई पायजे."

"काऊन पन? चांगल्या आहेत जी. नवीन नाटक आहे एकाचं. नायिका नागपूरची आहे!"

"नाई पायजे म्हनलं ना."

"मंग पटाच्या दिवशी गावात नाटक नाई?"

"समिती पाह्यन. कोनती पायजे ती आना म्हना. मी नसतो त्या दिवशी गावात."

भाऊंना कळेना. चिचटोल्याचा पट, समितीचा अध्यक्ष, आणि तो गावात नाही? रघुनाथभाऊ त्यांच्याशी बोलायचे थांबले. सरपंचांकडे वळले. सरपंचांच्या तोंडात पेढा होता.

"तुमच्याकडं नाटक किती वाजता उभं राह्यते?"

सरपंचांनी पेढा गिळला. "साडेनवाले. काऊन?"

"काई नाई. नाला ओलांडायले किती वेळ लागते ते पाह्यत होतो."

"तुमी?" सरपंच उभेच राहिले. "तुमी येनार? बेलपारले?"

आणि रघुनाथभाऊ, ज्यांनी तीन हंगाम 'पोरगी' हा शब्द तोंडातून काढला नव्हता, माझ्या दुकानात, दोन गावांदेखत, जरा मोठ्यानंच म्हणाले, "माही पोरगी काम करून राह्यली त्यात. येनार नाई तर काय करीन?"

कपाटाआडून कुंदा बाहेर आली. मला वाटलं आता ती रडेल, पाया पडेल, नाटकात रोज तेच तर करते. पण ती आली, पदर खोचला आणि बापाला म्हणाली, "समोर बसजा, बाबा. मागं भोंग्याचा आवाज फाटते."

"समोरच बसतो," रघुनाथभाऊ म्हणाले.